सॅश खिडकी

लाकडी चौकटीत एकापुढे एक बसवलेल्या, वर-खाली सरकणाऱ्या दोन काचेच्या झडपांची खिडकी. झडपांचा भार चौकटीच्या पोकळ बाजूंत दडवलेल्या वजनांनी तोललेला असतो, त्यामुळे झडप हव्या त्या उंचीवर आपोआप थांबते. भारतीय रेल्वेच्या जुन्या डब्यांतील काचही वर सरकते, पण तिला खटक्याचा आधार लागतो; प्रतिभाराने साधलेला तोल हेच सॅश खिडकीचे व्यवच्छेदक लक्षण होय. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ब्रिटन व आयर्लंडमधील शहरी घरांत हाच प्रकार सर्वाधिक रूढ होता. यॉर्कशायरमध्ये आडव्या सरकणाऱ्या झडपांचा एक साधा प्रकार आढळतो. त्यात वजने नसल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

उगम : या खिडकीच्या उगमाविषयी एकमत नाही. ती मूळची डच असून १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर ऑरेंजचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला तेव्हा त्याच्याबरोबर आली, असे जुन्या संदर्भग्रंथांतून दीर्घकाळ सांगितले जात असे. काहींनी शोधाचे श्रेय रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञ-वास्तुविशारदाला दिले. हूकचा यांत्रिक रचनांकडील ओढा आणि १६७० च्या दशकात त्याने केलेली बांधकामे पाहता ही कल्पना मोहक वाटते. तथापि तिला थेट कागदोपत्री आधार मिळत नाही. तिसरे मत फ्रान्सच्या बाजूचे आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे वर सरकणाऱ्या झडपा वापरात होत्या, यात शंका नाही. मात्र त्या खुंटीवर वा खटक्यावर टेकवाव्या लागत आणि वरची झडप बहुधा पक्की बसवलेली असे.

म्हणून ‘सरकणारी झडप प्रथम कोठे आली’ आणि ‘तोललेली झडप प्रथम कोठे आली’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. जुन्या वादातील बराचसा गोंधळ ते एकत्र केल्यामुळे झालेला दिसतो. वास्तुइतिहासाचे अभ्यासक हेंटी लाउ यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्लंडच्या राजवाड्यांच्या बांधकामाचे हिशेब तपासून, दोरी, कप्पी व वजने असलेली खिडकी १६७० च्या सुमारास राजदरबारी सुतारांच्या हाताखाली सिद्ध झाली, असा निष्कर्ष काढला. उपलब्ध पुराव्यांशी हेच मत अधिक जुळते. मार्टिन लिस्टर या इंग्रज वैद्याने १६९८ च्या पॅरिस-प्रवासवर्णनात एका फ्रेंच मार्शलच्या घरातील मोठ्या सॅश खिडक्यांची नोंद केली आहे. त्या इंग्लंडहून मुद्दाम आणवलेल्या लहान नमुन्यावरून बनवल्या असून अशी तोललेली खिडकी फ्रान्समध्ये पूर्वी नव्हती, असे यजमानानेच त्याला सांगितले. उसनवारी इंग्लंडकडून फ्रान्सकडे झाली, याचा हा समकालीन दाखला महत्त्वाचा आहे. नेदरलँड्समध्येही ही युक्ती इंग्लंडहून १६८० च्या दशकात गेली असावी.

लंडनजवळच्या हॅम हाऊसमधील १६७० च्या दशकातील काही खिडक्या आणि न्यूमार्केट येथील राजवाड्याच्या अवशेषात सापडलेली खिडकी ही सर्वांत जुन्या ज्ञात उदाहरणांत गणली जातात. हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने १६९० च्या दशकात केलेल्या बांधकामानंतर या खिडकीला प्रतिष्ठा मिळाली. अमेरिकेत व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गच्या कॅपिटॉल इमारतीसाठीच्या १६९९ च्या कायद्यात तिचा उल्लेख आहे.

रचना : चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू पोकळ पेटीसारख्या असतात. प्रत्येक पेटीत ओतीव लोखंडाची किंवा शिशाची लांबट वजने दोरीने लोंबत असून दोरी माथ्याजवळच्या कप्पीवरून झडपेच्या कडेच्या खाचेत येते. दोन झडपांमध्ये एक अरुंद दुभाजक पट्टी असते, तर आतल्या अंगाची दुसरी पट्टी खालच्या झडपेला जागेवर धरते. झडपांचे कोपरे कूस-खाचेच्या (एका लाकडाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवण्याच्या) सांध्याने जोडतात. वरच्या झडपेची दोन वजने मिळून झडपेहून किंचित जड आणि खालच्या झडपेची किंचित हलकी ठेवतात. त्यामुळे बंद असताना वरची वर आणि खालची खाली दबून राहते. दोन्ही झडपा थोड्या उघडल्या की खोलीतील उष्ण हवा वरून निघून जाते व खालून थंड हवा येते. डच घरांत मात्र वरची झडप बहुधा अचल असते.

कायदे, काच व कालनिर्णय : लंडनमधील आगीच्या भयाने १७०९ च्या कायद्यान्वये चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत घेणे बंधनकारक झाले, १७७४ च्या कायद्याने पेटी विटांच्या मागे दडवावी लागली आणि बाहेरून लाकडाची केवळ बारीक कड दिसू लागली. लंडनबाहेर हे बदल पोहोचायला अनेक दशके लागली, त्यामुळे या सनांवरून गावोगावच्या घरांचे वय ठरवणे धोक्याचे आहे. आरंभी काचा लहान व त्यांमधील पट्ट्या जवळजवळ दोन इंच जाड होत्या; अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या अर्ध्या इंचापर्यंत बारीक झाल्या. १८४५ मध्ये काचेवरील अबकारी कर आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरील कर (१६९६ पासून लागू) रद्द झाला. त्याच सुमारास मोठी काच स्वस्त झाल्याने पट्ट्या कमी झाल्या, पण त्यामुळे सांध्यांवर भार वाढला. तो पेलण्यासाठी झडपेच्या उभ्या दांड्या सांध्यापलीकडे थोड्या वाढवून ‘शिंगे’ ठेवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली. शिंगांवरून झडपेचा काळ साधारण कळतो. चौकटीचा कळेलच असे नाही, कारण जुन्या चौकटीत नवी झडप बसवल्याची उदाहरणे विपुल आहेत.

लाकडाची निवड : सुरुवातीला ओक आणि पुढे बाल्टिक प्रदेशातून येणारे पाइनचे लाकूड वापरात आले, पाण्याचा मारा सोसणारी चौकटीची खालची आडवी पट्टी मात्र पुष्कळदा ओकचीच ठेवत. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या पाइनची वलये दाट असतात आणि त्याचे मध्यकाष्ठ (खोडाच्या गाभ्याचे लाकूड) राळेमुळे टिकाऊ असते. आजच्या झटपट वाढवलेल्या पाइनमध्ये रसकाष्ठाचे (सालीलगतच्या कोवळ्या लाकडाचे) प्रमाण जास्त असून ते लवकर कुजते. दोनशे वर्षांची झडप काढून तिच्या जागी असे लाकूड घालणे हा व्यवहारदृष्ट्याही तोटाच आहे. नवीन खिडकी करणे अटळच असेल, तर दाट वलयांचे मध्यकाष्ठ, ओक किंवा ॲसिटिलीकरण (कूज रोखणारी रासायनिक प्रक्रिया) केलेले पाइन निवडावे आणि पट्ट्यांचा छेद जुन्या झडपेवरून जसाच्या तसा उतरवावा. काचेवर वरून चिकटवलेल्या खोट्या पट्ट्या टाळाव्यात. दुहेरी काचेमुळे झडप जड होते. त्याच पेटीत मावेल असा जास्त प्रतिभार हवा असल्यास लोखंडाऐवजी अधिक घनतेचे शिसे वापरतात.

देखभाल व जीर्णोद्धार : कूज बहुधा खालच्या झडपेच्या तळच्या कोपऱ्यांत आणि खालच्या आडव्या पट्टीत सुरू होते. रंग फुगलेला दिसल्यास तेथे टोकदार हत्याराने टोचून पाहावे; टोक सहज आत शिरले तर लाकूड गेलेले असते. काच पक्की करणारी, जवसाचे तेल व खडूची पूड यांची लांबी (पुटी) तडकली की पाणी काचेमागे उतरते, म्हणून रंगाचा हात लांबीवरून काचेवर सुमारे दोन मिलिमीटर पुढे ओढतात. दोऱ्यांना मात्र रंग लावू नये. त्या ताठर होऊन लवकर तुटतात.

दोरी बदलण्याचे काम या खिडकीची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे, हे दाखवते. आतली पट्टी पटाशीने हळूच उचकटली की खालची झडप खोलीत घेता येते. मग दुभाजक पट्टी ओढून काढली की वरची झडपही सुटते. पेटीच्या तळाशी उघडणाऱ्या लहान फळीतून वजन बाहेर येते. बारीक सुतळीला शिशाचा तुकडा बांधून तो कप्पीवरून पेटीत सोडतात आणि त्या सुतळीमागे नवी सुती दोरी ओढून घेतात. दोरीची लांबी अशी ठेवावी लागते की झडप पूर्ण वर असताना वजन पेटीच्या तळाला टेकणार नाही आणि पूर्ण खाली असताना कप्पीला भिडणार नाही. हे सर्व काम भिंतीला धक्का न लावता होते. सगळे भाग सुटे होतील आणि एकेक बदलता येतील अशीच ही खिडकी घडवलेली असल्याने, दुरुस्ती हाच तिचा स्वाभाविक मार्ग मानला पाहिजे. स्कॉटलंडमध्ये खालची झडप बिजागरीवर आत वळवण्याची सोयही आढळते. तिच्यामुळे बाहेरची काच खोलीतून पुसता येते.

कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून तेथे त्याच जातीचा, त्याच दिशेच्या रेषांचा तुकडा सांधतात आणि सांध्याला बाहेरच्या बाजूस उतार देतात, जेणेकरून पाणी साचणार नाही. राळेच्या कृत्रिम भरणीविषयी मतभेद आहेत. लहान छिद्रांपुरती ती ग्राह्य, पण मोठ्या भागात ओल कोंडण्याची भीती असल्याने लाकडी तुकडाच श्रेयस्कर. जुनी काच किंचित लहरदार असते आणि तिची चमक नव्या काचेत उतरत नाही. ती फुटू न देता काढणे हे या कामातील सर्वांत नाजूक कौशल्य आहे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव गृहीत धरून कोरडे घासणे टाळावे. ब्रिटनमध्ये संरक्षित यादीतील इमारतीची खिडकी बदलण्यास सामान्यतः स्थानिक प्राधिकरणाची संमती लागते.

उष्णतारोध : थंडी आत येते म्हणून या खिडक्या काढून टाकण्याकडे कल असतो. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने स्कॉटलंडच्या वारसा संस्थेसाठी केलेल्या २००८ च्या चाचण्यांत असे आढळले की फटींना रोधपट्ट्या लावल्याने हवेची गळती सुमारे ८६ टक्क्यांनी घटते, खिडकीची आतली लाकडी दारे बंद केल्याने काचेतून होणारा उष्णतेचा ऱ्हास ५१ टक्क्यांनी आणि आतून दुसरे तावदान बसवल्यास ६३ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे मूळ झडपेला हात न लावताही बराच लाभ साधतो.

भारतात ही खिडकी विशेष रुजलेली दिसत नाही. तिचे एका वेळी जास्तीत जास्त अर्धेच क्षेत्र उघडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पूर्ण उघडणाऱ्या, तिरप्या पट्ट्यांच्या झडपांना मिळालेली पसंती त्यामुळेच असावी.