आपदा मित्र किंवा नागरी संरक्षण स्वयंसेवक व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि पुढचं सगळं

पावसाळा तोंडावर आला की 'आपदा मित्र भरती' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. आधी एक गोष्ट स्पष्ट करू: ही भरती नव्हे. पगार नाही, पुढे सरकारी नोकरीत घेण्याची हमी नाही. अर्जाला फीसुद्धा नाही, त्यामुळे फॉर्मचे पैसे मागणाऱ्याला सरळ हाकलून द्या. हे पटत असेल तर पुढे वाचा.

आपदा मित्र ही आपत्तीत मदतीला धावणारे स्थानिक स्वयंसेवक तयार करण्याची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्हे व १ लाख स्वयंसेवक इतकी वाढवली गेली. आता त्याच धर्तीवर 'युवा आपदा मित्र' आहे. त्यात एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइडमधली मुलं-मुली घेतात. म्हणजे तुम्ही यातल्या कशात असाल तर कलेक्टर ऑफिसला जाण्याआधी आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यालाच विचारा.

आपदा मित्रची पात्रता साधी आहे. वय १८ ते ४०, त्याच जिल्ह्याचा रहिवासी, किमान सातवी पास, शरीराने आणि मनाने धडधाकट. माजी सैनिक, निवृत्त वैद्यकीय कर्मचारी वगैरेंना वयात सवलत मिळू शकते. कागदपत्रांत आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला किंवा मार्कशीट, पासपोर्ट फोटो आणि डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला तयार ठेवा. काही ठिकाणी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही मागतात, आणि तिला वेळ लागतो, म्हणून यादी आधीच विचारून घ्यावी. रक्तगट माहीत नसेल तर तोही तपासून घ्या. तंदुरुस्तीचा दाखला ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता आणू नका. दमा किंवा फिट्स लपवून आलेला माणूस दोराला लटकलेला असताना कोसळला, तर त्याला सोडवायला आणखी चार जण अडकतात.

अर्ज द्यायचा कुठे? जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बसतात, तिथे किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, पण तो आपत्तीसाठी आहे. धो धो पाऊस चालू असताना फॉर्म विचारायला तो फिरवू नये. अर्ज बारा महिने खुले नसतात. प्रशिक्षणाची तुकडी ठरली की जाहीर आवाहन निघतं, म्हणून आधीच नाव देऊन ठेवलेलं बरं.

चाळिशी ओलांडली असेल, तर दुसरी वाट नागरी संरक्षण दलाची. १९६८ च्या कायद्याने हे दल उभं राहिलं, मुळात हवाई हल्ल्यांच्या धास्तीने. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन आपत्ती व्यवस्थापनही त्याच्या कामात आलं. इथे १८ पूर्ण आणि प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंतचं शिक्षण पुरतं. ७ मे २०२५ च्या देशव्यापी मॉक ड्रिलच्या सुमारास केंद्र सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवरही नोंदणीचं आवाहन झालं होतं. मात्र नागरी संरक्षणाची कार्यालयं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा ठरावीक ठिकाणीच आहेत, सगळ्या जिल्ह्यांत नाहीत. दलात वॉर्डन, अग्निशमन, विमोचन (म्हणजे अडकलेल्यांची सुटका), संदेशवहन अशा बारा सेवा असतात. मृतदेहांची विल्हेवाट ही त्यातलीच एक. फॉर्मवर सेवा निवडताना ती ओळ नजरेआड करू नका. आणि हो, स्वयंसेवक असलात तरी बोलावणं आल्यावर विनाकारण हजर न राहिल्यास या कायद्यात दंडाची तरतूद आहे. रक्कम किरकोळ, पण आपण सही कशावर करतोय ते कळावं.

तिसरी वाट सरकारी फॉर्मची नाहीच. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचं यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स असे गट वर्षानुवर्षं दऱ्यांतून माणसं आणि मृतदेह वर काढत आलेत. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली, तेव्हा दरीत उतरणाऱ्यांत अशीच गिर्यारोहक मंडळी होती. इथे दाखला बघत नाहीत, तुम्ही त्यांच्याबरोबर किती दिवस डोंगर चढता ते बघतात.

आपदा मित्रचं प्रशिक्षण १२ दिवसांचं असतं. प्रथमोपचार, सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं), आग विझवणं, दोराच्या गाठी, स्ट्रेचर, पुरातला बचाव, निवारा छावणी असं सगळं त्यात येतं. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जायला हवी. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं तरी हात भरून येतात. पाण्याचा धडा मात्र सगळ्यात मोलाचा. बुडणाऱ्याला आधी काठी पुढे करायची, नाही पोचली तर दोर किंवा हवा भरलेला डबा फेकायचा, मग बोट, आणि स्वतः उडी अगदी शेवटी. गावाकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना हे पचायला जड जातं, कारण त्यांची सवय नेमकी उलटी. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते. धाडस तिथे कमी नव्हतं. काठावर उभं राहून 'आता बास, पुढच्या फेरीला' म्हणणारं आणि ते ऐकायला लावणारं कुणी तरी लागतं. माझ्या मते प्रशिक्षणाचा निम्मा उपयोग हाच.

प्रशिक्षण पुरं झालं की प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि किट मिळतं. किटमध्ये लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, शिटी, हातमोजे, गमबूट, प्रथमोपचार पेटी असं सामान असतं. विम्याची तरतूद आहे, पण तो कायमचा नसतो. मुदत कधी संपते आणि वारस म्हणून कोणाचं नाव लागलंय, हे त्याच दिवशी विचारून घ्या.

पुढचं आयुष्य मात्र टीव्हीवर दिसतं तसं नाही. बहुतेक बोलावणी गणपती विसर्जनाचा घाट, वारी, जत्रा अशी असतात. तासन् तास उभं राहायचं आणि लोकांना 'मागे व्हा' म्हणत घसा बसवायचा. मग एखाद्या रात्री इर्शाळवाडी होते. जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या या डोंगरातल्या वाडीवर दरड कोसळली, तेव्हा यंत्रं वर चढूच शकली नाहीत. पावसात पायवाटेने चढून हातांनी माती उपसावी लागली. अशा वेळी एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) जवानांइतकीच गरज वाट ठाऊक असलेल्या माणसांची असते. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोघांशी बोला: घरच्यांशी आणि जिथे काम करता त्या मालकाशी. बोलावणं आल्यावर रजेसाठी भांडत बसायला वेळ नसतो.

मोबाइल नंबर बदलला किंवा दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलात, तर तहसील कार्यालयाला लेखी कळवा. यादीत जुना नंबर राहिला तर फोन तुमच्यापर्यंत येणारच नाही.