शिविती: नजरेसमोर ठेवलेली चार अक्षरे

सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, प्रार्थना सांगणारा जिथे उभा राहतो, तिथे त्याच्या नजरेसमोर अनेकदा एक पाटी असते. तिच्यावर मोठ्या, ठसठशीत हिब्रू लिपीत ईश्वराच्या नावाची चार अक्षरे: योद, हे, वाव, हे. हे नाव उच्चारायचे नसते. वाचताना त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, म्हणतात. जे ओठांवर आणायचे नाही, ते डोळ्यांत साठवायचे. या पाटीला ‘शिविती’ म्हणतात. बायबलमधल्या सोळाव्या स्तोत्रात एक ओळ आहे, ‘मी परमेश्वराला नित्य माझ्यासमोर ठेवले आहे’. त्या ओळीचा पहिलाच हिब्रू शब्द ‘शिविती’.

यहुद्यांना मूर्ती वर्ज्य, म्हणजे चित्रकलाही वर्ज्य, असे आपण सहज धरून चालतो. ते खरे नाही. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथले इ.स. 244-45 च्या सुमाराचे सिनेगॉग 1932 मध्ये सापडले, तेव्हा त्याच्या भिंती बायबलमधल्या प्रसंगांनी भरलेल्या होत्या, माणसांच्या चेहऱ्यांसकट. मूर्तिपूजेची धास्ती होतीच. पण मध्ययुगातल्या धर्मपंडितांना चित्रांची जी अडचण वाटली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ती लक्ष विचलित होण्याची होती. बाराव्या शतकातला मायमोनिडीझ सांगतो की चित्रांच्या भिंतीसमोर प्रार्थना करायची वेळ आली तर आपण डोळे मिटून घेतो. तेराव्या शतकात जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या रब्बी (यहुदी धर्मगुरू) मेइर यांना प्रार्थनापोथ्यांतल्या पशुपक्ष्यांच्या चित्रांबद्दल विचारले गेले. नुसत्या रंगाच्या चित्रात मूर्तिपूजेचा दोष नाही, पण ती पाहता पाहता मन प्रार्थनेतून निघून जाते, म्हणून ती नकोत, असे त्यांनी सांगितले. प्रार्थनेतल्या या एकाग्रतेला हिब्रूत ‘कवाना’ म्हणतात.

मग नजर कशावर ठेवायची? उत्तर अक्षरांत सापडले. कबाला या यहुदी गूढपंथाचे साधक, अक्कोचे रब्बी इसहाक, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगत होते की नावाची अक्षरे पोथीत लिहिल्यासारखी मनाच्या डोळ्यांसमोर ठेवावीत. तेव्हा पाटी नव्हती, हे सगळे मनातच चालायचे. सोळाव्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इसेर्लेस यांनी ‘शुल्हान आरूख’ या आचारसंहितेवर टिपा लिहिल्या. त्यांची सुरुवातच ते शिवितीच्या ओळीने करतात आणि तिला धर्माचरणाचे मोठे तत्त्व म्हणतात. कबालेतली साधना अशी रोजच्या आचारात आली, आणि पुढे कागद, चर्मपत्र, धातू, काच अशा हाताला येईल त्या माध्यमात शिविती बनू लागली.

शिवितीत नावाखाली बहुधा सात फांद्यांचा दीपवृक्ष, म्हणजे मेनोरा, असतो. जवळ जाऊन पाहावे तर त्याच्या रेषा नसतातच, शब्द असतात. 67 वे स्तोत्र त्या आकारात लिहिलेले असते. मथळा सोडला तर त्यात सात चरण आणि 49 शब्द. चरणांतल्या शब्दांची संख्या क्रमाने 7, 6, 6, 11, 6, 6, 7. अकरा शब्दांचा सर्वांत लांब चरण मधोमध, तोच दीपवृक्षाचा खोड. दोन्ही बाजू इतक्या तंतोतंत जुळतात की हे स्तोत्र दीपवृक्षासाठीच रचले असावे असे वाटते. पेसाह ते शावुओत या सणांमधले 49 दिवस मोजताना हेच स्तोत्र म्हणण्याची प्रथा आहे. म्हणणाऱ्याची नजर फांदीवरून फिरते तेव्हा पाहणे आणि वाचणे ही दोन कामे उरत नाहीत.

घरात शिवितीची बहीण म्हणजे ‘मिझ्राह’. शब्दाचा अर्थ पूर्व. युरोपातून जेरुसलेम पूर्वेकडे, म्हणून प्रार्थनेची दिशा दाखवायला हा फलक पूर्वेच्या भिंतीवर. एकोणिसाव्या शतकात पोलंडमध्ये असे फलक कागद कातरून करत. कागद मधोमध दुमडायचा, लाकडी फळीवर ठेवायचा, धारदार सुरीने सिंह, हरणे, वेली कापायच्या. उलगडला की दोन सिंह समोरासमोर. अक्षरे मात्र दुमडून कापता येत नाहीत, एका बाजूला उलटी येतील. ती वेगळीच लिहावी लागत.

कोकणातल्या बेने इस्रायलांना, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना, मात्र जेरुसलेम पश्चिमेला, समुद्रापलीकडे. त्यामुळे इथल्या सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवण्याची जागा पश्चिमेच्या भिंतीला असते. मलिदा या गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या विधीत ते एलियाहू हन्नबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, नाव घेतात, आणि अनेक घरांत अग्निरथातून स्वर्गाला निघालेल्या त्याच संदेष्ट्याचे चित्र भिंतीवर असते.