बेन्ये

बेन्ये : फ्रान्समध्ये आणि फ्रेंच भाषेचा वावर असलेल्या प्रदेशांत तेलात तळून केल्या जाणाऱ्या पिठाच्या पदार्थांचे सामाईक नाव. बहुतेक प्रकार गोड असून वरून पिठीसाखर भुरभुरलेली असते. घरी करायला बसणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी : या नावाखाली तीन अगदी वेगळी पिठे नांदतात. एक वाफेने फुगते, दुसरे यीस्टने, आणि तिसऱ्याने फुगावे अशी अपेक्षाच नसते. सफरचंदाच्या चकत्या किंवा वसंतात ‘खोटी बाभूळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोबिनिया झाडांची पांढरी फुले सरबरीत पिठात बुडवून तळतात तेही बेन्येच, पण ते तंत्र भजी तळणाऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. पहिल्यांदा करताना बिघडलेल्या बेन्येंचे कारण बहुधा हेच, की एका पिठाचे तापमान दुसऱ्याला लावलेले असते.

पूर्वपीठिका : तळलेले गोड गोळे युरोपात फार जुने. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या रोमन केटोने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात ताजे चीज आणि पीठ यांचे गोळे चरबीत तळून, मधात घोळून, वर खसखस लावण्याची कृती दिली आहे. फ्रान्समध्ये मात्र या पदार्थांना धरून ठेवले ते ख्रिस्ती पंचांगाने. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडी आणि प्राण्यांची चरबीही वर्ज्य असे. त्यामुळे राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी, म्हणजे मार्दी ग्रा या दिवशी, घरातली अंडी, लोणी आणि चरबी संपवून टाकायची, आणि ती संपवण्याचा सर्वांत खमंग मार्ग म्हणजे तळण. उपवासाचे नियम पुढे सैलावले, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रेंच बेकऱ्यांच्या काचेमागे या पदार्थांचे ढीग लागतात ते लागतातच. गोव्यातला इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, याच दिवसांचा. तिथे पिकलेल्या केळ्यांचे फिलोज तळतात, तो पोर्तुगीजांच्या तळणीचा वारसा. फ्रेंच बेन्येंशी त्याचे नाते चुलत भावंडांचे म्हणता येईल.

प्रांत बदलला की नाव बदलते. ल्यों शहरात ब्यून्य, दक्षिणेला लांगदॉक आणि प्रोव्हान्समध्ये ओरेयेत, बोर्दोच्या बाजूला मेर्वेय, नांत आणि व्हांदे भागात बोत्रो. कॉर्सिका बेटावर ब्रोच्चू हे मेंढी-बकरीच्या दुधाचे मऊ चीज घालून फ्रितेल्ली करतात.

उकडीचे बेन्ये : यांना बेन्ये सूफ्ले म्हणतात, पण फ्रेंच घरांत चालणारे नाव आहे ‘पे द नॉन’, म्हणजे सरळ मराठीत ‘ननचा पाद’. दंतकथा अशी, की मार्मूतिएच्या मठात सणाचा स्वयंपाक चालू असताना आन्येस नावाच्या एका नवख्या जोगिणीकडून भर स्वयंपाकघरात आवाज झाला, ती ओशाळली, आणि हातातल्या चमच्यातले पीठ तापलेल्या तेलात पडून टम्म फुगले. बोम-ले-दाम इथला मठही या शोधावर आपला हक्क सांगतो. ज्यांना हे नाव चारचौघांत उच्चारवत नाही ते ‘ननचा सुस्कारा’ म्हणतात.

पीठ तयार करण्याची रीत मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला लगेच समजेल. २५० मिलि. पाणी, ८० ग्रॅम लोणी, चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ पातेल्यात उकळायचे. बाजारातले पिवळे लोणी खारे असते, ते घेतल्यास मीठ वगळावे. लोणी पूर्ण विरघळून पाण्याला खळखळून उकळी आली की पातेले आचेवरून उतरवून १५० ग्रॅम मैदा एकदम ओतायचा आणि लाकडी डावाने जोर लावून घोटायचे. थोडा थोडा मैदा घातला तर गुठळ्या होतात. मग पुन्हा मंद आचेवर एक-दोन मिनिटे परतायचे. गोळा कडा सोडतो, पातेल्याच्या बुडाशी पातळ पापुद्रा धरतो, तेव्हा ती उकड पुरेशी कोरडी झाली. या परतण्यातच सगळी मेख आहे. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो, आणि उकड जितकी कोरडी तितकी अंडी जास्त मावतात. पुढे फुगवण्याचे काम त्याच ओलाव्याच्या वाफेने होते आणि फुगलेला आकार धरून ठेवतात अंड्यातली प्रथिने. बेकिंग पावडरची इथे गरज नसते. कुणी घालायला सांगितली तर ती कृती सोडून द्यावी.

उकड हाताला सोसेल इतकी निवाली की अंडी एकेक करून घालायची. कढत उकडीत घातली तर ती जागच्या जागी शिजून त्यांचे दाणे होतात. फ्रेंच पुस्तकांत चार अंडी लिहिलेली असतात, पण तिथले मध्यम अंडे ५३ ते ६३ ग्रॅम भरते. आपल्याकडची अंडी बरेचदा त्याहून लहान असतात. म्हणून संख्येवर विसंबू नये. पाचवे अंडे फेटून वाटीत ठेवावे आणि चमचा-चमचा घालत पीठ पाहत जावे. डाव उचलला की पीठ घट्ट गोळ्यासारखे धप्पकन पडायला नको आणि धारेसारखे ओघळायलाही नको. ते रेंगाळत सुटावे आणि डावाला खाली त्रिकोणी जीभ लोंबत राहावी. अंडे घालताच पीठ आधी फाटल्यासारखे, बुळबुळीत दिसते. तिथे घाबरून मैदा घालू नये, घोटत राहिले की ते पुन्हा जुळून येते.

तळताना तेल १७० अंशांच्या आसपास हवे, आपल्या भज्यांच्या तेलापेक्षा निवते. दोन चमच्यांनी सुपारीएवढा गोळा सोडायचा. तो बुडतो, वर येतो आणि काही वेळ नुसता तरंगत राहतो. मग एका बाजूने फुगतो, फुगलेली बाजू हलकी होते आणि गोळा आपोआप कुशीवर वळतो. असे तो तीन-चार वेळा करतो, झाऱ्याने उलथावे लागत नाही. शेवटी कवच एके ठिकाणी फुटते आणि आतले पीठ आणखी बाहेर ढकलले जाते, म्हणून चांगल्या पे द नॉनचा आकार कधीच गुळगुळीत नसतो. एका घाण्याला पाच-सहा मिनिटे लागतात. तेल कडक असेल तर दोन मिनिटांत रंग येतो, कवच आवळले जाते, आणि बाहेर काढल्यावर बेन्ये बसतो. मोडून पाहिला तर आत ओला चिकटा. गोळे दुपटीहून मोठे होतात, तेव्हा कढई भरायची नाही.

यीस्टचे बेन्ये आणि न्यू ऑर्लिन्स : जगभर ‘बेन्ये’ म्हणताच जे चौकोनी, उशीसारखे पदार्थ डोळ्यांपुढे येतात ते फ्रान्सचे नव्हेत, अमेरिकेतल्या लुइझियानाचे. न्यू ऑर्लिन्स १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवले, मधल्या काळात ते स्पेनकडे गेले आणि १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना विकत घेतला. स्वयंपाकघरे मात्र फ्रेंच वळणाचीच राहिली. तिथल्या फ्रेंच मार्केटमध्ये १८६२ पासून चालू असलेल्या काफे द्यू माँद या उपाहारगृहात एका बशीत तीन बेन्ये येतात, त्यांवर साखरेचा अक्षरशः ढिगारा असतो आणि सोबत चिकोरी मिसळलेली दुधाळ कॉफी. (काळे कपडे घालून जाऊ नये, आणि घास घेताना श्वास आत ओढू नये.) १९८६ मध्ये बेन्येला लुइझियानाचा अधिकृत ‘राज्य डोनट’ ठरवण्यात आले.

त्याच शहराच्या रस्त्यांवर एके काळी शिजवलेल्या भाताचे गोड तळलेले गोळे विकले जात. त्यांना ‘काला’ म्हणत. डोक्यावर टोपली घेऊन ‘बेल काला, तू शो!’, म्हणजे छान छान काला, गरमागरम, असे ओरडत फिरणाऱ्या विक्रेत्या बहुतेक आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया असत, काही गुलाम, काही मुक्त. स्पॅनिश अमलात गुलामाला पैसे भरून स्वतःची सुटका करून घेण्याची कायदेशीर मुभा होती, आणि अशा विक्रीतून साठवलेल्या पैशांवर काहींनी ती करून घेतली. बेन्येच्या बशीला आज जी प्रसिद्धी आहे तिचा थोडा वाटा या टोपलीला मिळायला हवा होता.

घरी करण्यासाठी ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, २ अंडी, २०० मिलि. कोमट दूध आणि ६० ग्रॅम मऊ लोणी पुरते. न्यू ऑर्लिन्समध्ये दुधाऐवजी डब्यातले आटवलेले बिनसाखरेचे दूध घेतात. लोणी शेवटी घालून दहा मिनिटे चांगले तिंबायचे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट राहिले पाहिजे. फ्रेंच कृतीत ‘दोन तास झाकून ठेवा’ असे असते ते तिकडच्या हवेत. मुंबईच्या मे महिन्यात हे पीठ पाऊण तासात दुप्पट होते, आणि दोन तास ठेवले तर आंबूस वास मारू लागते. सगळ्यांत बरे म्हणजे मळून झाल्यावर अर्धा तास बाहेर आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणे. गार पीठ लाटायला सोपे जाते आणि चवही खोल येते.

पोळी पाऊण सेंटिमीटर जाड लाटून साधारण सहा सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. पातळ लाटले तर पुरीसारखे फुगून कडक होतात, जाड राहिले तर मध्यभागी पाव होतो. यांना १८० ते १८५ अंशांचे तेल लागते, उकडीच्या बेन्येंपेक्षा जास्त. चौकोन वर आला की झाऱ्याने त्यावर गरम तेल उडवत राहायचे, म्हणजे दोन्ही पापुद्रे सुटून आत पोकळी होते. दर बाजूला मिनिट-दीड मिनिट पुरे. यीस्टच्या पिठात अंड्यांऐवजी पाव वाटी दही घालून शाकाहारी बेन्ये चांगले होतात. उकडीच्या बेन्येंत ती सोय नाही. अंडे नसलेली उकड तळली तर दुसरेच काहीतरी होईल, कदाचित चविष्टही, पण पे द नॉन नव्हे.

ब्यून्य : ल्योंच्या ब्यून्य पातळ आणि खुसखुशीत असतात, तर शेजारच्या सँत-एतियेनमध्ये त्याच नावाने मऊ, जाड पदार्थ मिळतो, आणि खरी ब्यून्य कोणती यावर दोन्ही शहरे हुज्जत घालतात. ल्योंच्या रीतीत मैदा, अंडी, लोणी, लिंबाची किसलेली साल आणि थोडी रम किंवा संत्र्याच्या फुलांचे पाणी असते. पीठ घट्ट मळून तासभर मुरवायचे, कागदाइतके पातळ लाटायचे आणि दातेरी चाकाने शंकरपाळ्याच्या आकारात पण मोठे कापायचे. तिथे वापरतात ते चाक म्हणजे करंजीचे कातणेच. मधोमध चीर पाडून एक टोक तिच्यातून ओढून घेतात. हा पीळ नुसता शोभेचा नाही : पातळ पोळी तेलात सपाट पडत नाही आणि तेल दोन्ही बाजूंनी खेळते. एकेक बाजू अर्ध्या मिनिटात होते.

तेल : फ्रेंच घरांतले तळणाचे नावाजलेले तेल शेंगदाण्याचे. एकोणिसाव्या शतकात मार्सेच्या तेल गिरण्यांना भुईमूग सेनेगलहून येई, तसा पाँडिचेरी बंदरातूनही जाई. त्यामुळे आपल्याकडे हे पदार्थ शेंगदाणा तेलात तळणे ही तडजोड नव्हे. मात्र रिफाइंड घ्यावे. घाण्याच्या तेलाचा वास बटाटेवड्याला शोभतो, संत्र्याच्या फुलांच्या पाण्यावर तो मात करतो. तापमापक नसेल तर पिठाची चिमूट टाकून पाहावी. ती बुडाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आली आणि भोवती बारीक बुडबुडे धरले, की उकडीच्या बेन्येंसाठी तेल तयार. टाकताक्षणी वर उसळली तर ते यीस्टच्या चौकोनांचे तेल.

पिठीसाखर : घरी मिक्सरवर दळलेल्या साखरेला दमट हवेत लगेच पाझर फुटतो. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असते म्हणून ती कोरडी राहते. घरच्या वाटीभर पिठीत चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळून चाळून घ्यावी. बेन्ये टिपकागदावर काढल्यावर लगेच साखर घातली तर वाफेने तिचा पाक होतो, पूर्ण गार झाल्यावर घातली तर चिकटत नाही. मधली दोन-तीन मिनिटे साधायची.

फ्रान्सबाहेर : कॅमेरूनमध्ये यीस्टचे गोल बेन्ये घेवड्याच्या उसळीबरोबर आणि पातळ लापशीबरोबर न्याहारीला खातात. ग्वादलूप आणि मार्तिनिक बेटांवर खारवलेल्या कॉड माशाचे तिखट आक्रा होतात. मॉरिशसमध्ये, जिथे एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आहेत, क्रिओल भाषेत तळलेल्या खाऊला ‘गातो’ म्हणतात आणि केळ्याचे गातो गाड्यांवर मिळतात. खुद्द फ्रान्समध्ये नीसकडे झुकिनीच्या फुलांचे बेन्ये जेवणाआधी येतात, आणि उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर विक्रेते सफरचंदाचा गर किंवा चॉकलेट भरलेले बेन्ये घेऊन वाळूतून आरोळ्या देत फिरतात.

टिकाऊपणा : उकडीचे बेन्ये तासाभरात मऊ पडतात आणि यीस्टचे त्याच दिवशी संपवावे लागतात. यीस्टचे पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहते, तेव्हा पाहुण्यांच्या हिशेबाने लागतील तेवढेच चौकोन तळावेत. ल्योंची पातळ ब्यून्य मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर खुसखुशीत राहते. साखर डब्यात भरताना घालायची नसते, वाढताना घालतात.