साखर कायदा, १७६४

उत्तर अमेरिकेतील वसाहतींकडून महसूल मिळवण्यासाठी ब्रिटिश संसदेने ५ एप्रिल १७६४ रोजी संमत केलेला कायदा. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांच्या पुढाकाराने तो झाला. कॉफी, नीळ व मदेरा बेटावरच्या वाइनवरही त्यात कर होता. वाद पेटला तो मुख्यतः उसाच्या मळीवरून.

फ्रान्सने आपल्या ब्रँडीच्या रक्षणार्थ वसाहतींतील रमला मायदेशी मज्जाव केल्याने फ्रेंच कॅरिबियन बेटांवर मळी स्वस्त होती. न्यू इंग्लंडमधील (ईशान्येकडील वसाहतींतील) रमच्या भट्ट्या तिच्यावरच चालत. त्यांपैकी ऱ्होड आयलंड या वसाहतीच्या जानेवारी १७६४ च्या निवेदनानुसार तेथे वर्षाला सुमारे १४,००० पिंपे मळी येई. त्यांपैकी ब्रिटिश कॅरिबियन बेटांवरची २,५०० हून अधिक नसे. रमचा काही भाग आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारात जाई, हेही तेच निवेदन निःसंकोच सांगते.

परदेशी मळीवर गॅलनला ६ पेन्स कर १७३३ पासूनच होता. मात्र अधिकाऱ्यांना थोडी लाच दिली की काम भागे. नव्या कायद्याने कर ३ पेन्सवर आणला, पण वसुली कडक केली. कर चुकवल्याच्या संशयावरून झालेल्या जप्तीचा खटला हॅलिफॅक्सच्या (आजच्या कॅनडातील) नौदलीय न्यायालयात नेता येई. तेथे ज्यूरी नव्हती. माल परत मागणाऱ्यास आधी ६० पौंडांपर्यंत जामीन द्यावा लागे आणि कर भरल्याचा पुरावाही त्यानेच द्यायचा असे. जप्तीस सबळ कारण होते, असे न्यायाधीशाने प्रमाणित केल्यास खटला जिंकूनही मालकाला अधिकाऱ्याकडून भरपाई मिळत नसे.

असंतोषाच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुने राष्ट्रवादी इतिहासकार सतराव्या शतकापासूनचे सर्वच नौकानयन कायदे (वसाहतींच्या सागरी व्यापारावर निर्बंध घालणारे ब्रिटिश कायदे) जुलमी मानत. इतिहासकार ऑलिव्हर डिकरसन यांच्या मते, ते कायदे एकंदरीत मान्य होते. १७६४ नंतरच्या महसुली धोरणाने व अधिकाऱ्यांच्या वर्तनाने संबंध बिघडले. उपलब्ध पुरावा या दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. मॅसॅच्युसेट्सचे वकील जेम्स ओटिस यांनी १७६४ च्या पुस्तिकेत संमतीविना कर आकारण्यालाच हरकत घेतली होती. दक्षिणेकडील तंबाखूच्या वसाहतींत पडसाद तुलनेने क्षीण होते.

१७६६ मध्ये मळीवरील कर १ पेनीवर आला आणि ब्रिटिश कॅरिबियन बेटांवरील मळीलाही लागू झाला. व्यापारसंरक्षणाचा हेतू त्यातून पूर्णपणे गेला. तरीही हा महसुली कर बव्हंशी भरला जात असे.