खानदेशातलं अपडाऊन : कापसाच्या रुळांपासून काळीपिवळीपर्यंत

खानदेशात रोज अपडाऊन करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : गाडी वेळेवर नसते, आणि वेळेवर असली तर कामाच्या वेळेला नसते. यातलं दुसरं दुखणं जास्त जुनं आहे.

१८६० च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. अमेरिकेत यादवी पेटली होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो इथल्या काळ्या जमिनीत पिकत होता. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आणि चाळीसगाव–धुळे फाटा ही दोन्ही कामं १९०० च्या आसपासची. पाचोरा–जामनेर नॅरोगेज त्यानंतरची. रूळ पडले ते मालाच्या सोयीने. सकाळी दहाला टेबलावर बसणारा माणूस तेव्हा कुणाच्या हिशेबातच नव्हता.

कचेऱ्या मात्र सरकत राहिल्या. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (पुढचा धुळे) असे दोन जिल्हे झाले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. घर धुळ्यात, नोकरी नंदुरबारला, अशी कितीतरी कुटुंबं झाली. पण या दोन जिल्ह्यांच्या ठिकाणांना जोडणारी थेट रेल्वे नाही. म्हणजे एसटी, नाहीतर मिळेल ते.

चाळीसगाव–भुसावळ मेन लाइनवरच्यांची गोष्ट वेगळी. तिथे पॅसेंजर होती, मासिक पास होता, ठरलेला डबा होता. अडचण लूप लाइनची. मागून एक्स्प्रेस आली की पॅसेंजर बाजूला उभी, आणि मग साहेबांच्या हजेरीपटावर लाल रेघ. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्याच थांबल्या. परत आल्या तेव्हा काहींचं नाव बदललेलं, वेळ बदललेली. पॅसेंजरचं किमान भाडं १० वरून ३० रुपये झालं होतं. ते पुन्हा १० व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. पाचोरा–जामनेरची छोटी गाडी तर परत आलीच नाही. तिच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाली, पण पहूर-शेंदुर्णीच्या माणसाला त्या मंजुरीत बसून पाचोऱ्याला जाता येत नाही.

खेड्यांचं सगळं गणित मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी डेपोतून निघालेली बस रात्री शेवटच्या गावात थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच, बसमध्ये किंवा एखाद्या देवळाच्या ओट्यावर झोपतात आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, कॉलेजची पोरं आणि नोकरदार घेऊन तालुक्याला येते. त्यामुळे रात्री डेपोत एक फेरी रद्द झाली की तिचा फटका दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर बसतो. पारावरचा म्हातारा ‘गाडी उनी का?’ (आली का?) विचारतो आणि उत्तराआधीच पोरं मोटारसायकलला हात करायला लागतात. एसटीच्या पासात वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास, हा व्यवहार चांगला. फक्त गाडी यायला हवी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण व्हावं म्हणून कर्मचाऱ्यांनी सुरू केलेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. एवढ्या महिन्यांत लोकांनी जी दुसरी सोय लावून घेतली, ती संप मिटल्यावर सगळ्यांनी सोडली नाही.

ती सोय म्हणजे बहुतेक वेळा काळीपिवळी जीप. कायद्याने ती टॅक्सी; टप्प्याटप्प्यावर प्रवासी चढवायचा-उतरवायचा हक्क एसटीचा. प्रत्यक्षात ती फाट्या-फाट्याला थांबते, सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावरही एकाला ‘जरा सरका भाऊ’ म्हणतेच. तिला अवैध म्हणणं सोपं आहे. पण एसटीने सोडलेली वेळ तिने उचलली, हेही तितकंच खरं.

मग इतक्या वर्षांत कुणी रेटून वेळापत्रक का बदलून घेतलं नाही? प्रवासी संघटनांनी निवेदनं दिली, देतातही. पण अपडाऊनवाल्यांत मोठा भरणा शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचाऱ्यांचा, आणि त्यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहावं असा शासनाचा नियम आहे. घरभाडे भत्ता घेणारे गुरुजी सकाळची बस चुकते म्हणून सही करून अर्ज कसा देणार? कागदावर ते त्याच गावात राहतात. माझ्या मते आवाज कमी पडण्याचं हे एक मोठं कारण, आणि त्यावर सहसा कुणी बोलत नाही.

म्हणून लोक आपापसात भागवतात. एकाची कार, चौघांचं पेट्रोल. व्हॉट्सअॅपवर ‘जळगाव सोडलं, उभं राहायला जागा आहे’ असा निरोप. ड्युटीच्या वेळा जुळणाऱ्यांनी एकाच कॉलनीत घरं घेणं.

धुळ्याला टोकाचं स्टेशन म्हणून जगायला लावणारा तिढा आता सुटेल अशी आशा आहे. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी. तो मार्ग धुळ्यावरून जाईल. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यावर धावतीलच. सकाळी नऊच्या आत पोचवणारी एखादी पॅसेंजर मिळते का, यासाठी निवेदन आतापासूनच तयार ठेवलेलं बरं.