लहान प्रोग्राम, मोठा प्रोग्राम आणि मधला सांधा

रावेर तालुक्यातील एखाद्या केळी उत्पादक गटाकडे हंगामभराच्या वजनपावत्यांची एक मोठी फाइल आहे असे समजू. प्रत्येक ओळीत तारीख, गाव, व्यापारी, क्विंटलमधील वजन, भाव आणि शेरा एवढाच मजकूर आहे, आणि दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम आहे. कोणत्या गावातून सर्वाधिक गाड्या भरल्या गेल्या, हे गटाला पाहायचे आहे. एक्सेलसारख्या सर्वसमावेशक प्रोग्राममध्ये फाइल उघडून पिव्हट टेबल (गटवार बेरजेचा तक्ता) मांडले की उत्तर मिळते. दुसरा मार्ग लिनक्स या संगणक प्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, एकच ओळ टंकण्याचा आहे, आणि त्या ओळीत चार छोटे टप्पे उभ्या रेघेने एकमेकांना जोडलेले असतात.

पहिल्या टप्प्यावर ‘कट’ हा प्रोग्राम प्रत्येक ओळीतून फक्त गावाचे नाव काढतो. मग ‘सॉर्ट’ ती नावे क्रमाने लावतो, त्यामुळे सावद्याच्या साऱ्या ओळी एकापाठोपाठ येतात आणि फैजपूरच्या साऱ्या एकत्र होतात. ‘युनिक’ सारख्या ओळींची एकच ओळ करून तिच्यापुढे संख्या लिहितो, आणि शेवटी पुन्हा ‘सॉर्ट’ येतो तो संख्येच्या उतरत्या क्रमासाठी. ‘युनिक’ला फक्त आधीची एक ओळ आठवते. समोरची ओळ तिच्यासारखी आहे की नाही, एवढेच तो पाहतो, म्हणून त्याच्याआधी ‘सॉर्ट’ असणे अनिवार्य ठरते. यांतल्या एकाही प्रोग्रामला केळी, गाव किंवा व्यापार यांची माहिती नाही, आणि तरीही गटाला हवे ते उत्तर बाहेर पडते.

ही रचना योगायोगाने घडलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी 1964 साली एका टिपणात लिहिले होते की, बागेच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. खानदेशातील वाचकाला यासाठी ठिबक संचाकडे पाहणे पुरे आहे: सॅन्ड फिल्टर, स्क्रीन फिल्टर, व्हेंचुरी, सबमेन आणि लॅटरल हे वेगवेगळे भाग ठरावीक मापाच्या जोडण्यांमुळे एकत्र चालतात, आणि जाळी तुंबली तर सगळा संच न उखडता तेवढीच काढून धुता येते. मॅकिलरॉय यांची कल्पना प्रत्यक्षात उतरायला नऊ वर्षे गेली. केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये युनिक्स या प्रणालीत, जिच्या धर्तीवर पुढे लिनक्स घडली, ‘पाइप’ची, म्हणजे एका प्रोग्रामचे उत्तर थेट पुढच्याला देण्याची, सोय केली, आणि साधा मजकूर ओळीओळीने वाहून नेणे हे त्या जोडणीचे माप ठरले.

पाइपचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. लिनक्समध्ये दोन प्रोग्रामांमधल्या पाइपात सामान्यतः 65,536 बाइट मावतात (साध्या इंग्रजी मजकुराचे एक अक्षर म्हणजे एक बाइट). पाइप भरला की मागचा प्रोग्राम थांबतो, रिकामा झाला की पुढचा थांबतो, आणि दरम्यान दोघेही एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी स्मृती फार लागत नाही. ‘सॉर्ट’ मात्र अपवाद आहे. शेवटची ओळ वाचल्याशिवाय पहिली कोणती हे त्याला सांगता येत नाही, म्हणून स्मृती अपुरी पडल्यास तो क्रमवार लावलेले तुकडे डिस्कवर ठेवतो आणि अखेरीस त्यांची एकत्र गुंफण करतो.

छोटे प्रोग्राम जोडणे आणि एकच मोठा प्रोग्राम लिहिणे, या दोन विचारसरणींची उत्तम तुलना 1986 साली एका संगणक नियतकालिकात झाली. मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्याचा प्रोग्राम थोर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी लिहिला. तो अनेक छापील पाने व्यापणारा, स्वयंपूर्ण आणि माहिती साठवण्याच्या खास घडवलेल्या रचनेवर उभा होता. समीक्षक होते मॅकिलरॉय. त्यांनी नुथ यांच्या कारागिरीचे कौतुक केले आणि त्याच कामासाठी सहा टप्प्यांची पाइपलाइन लिहून दाखवली. माझ्या मते नुथ यांचा प्रोग्राम अधिक सुंदर आहे, पण उद्या प्रश्न थोडा बदलला तर मॅकिलरॉय यांच्या ओळीतला एकच टप्पा बदलावा लागेल.

मोठ्या प्रोग्रामांची बाजूही खरी आहे. आकडा बदलताच बेरीज आणि आलेख डोळ्यांसमोर बदलणे ही सोय पाइपलाइनमध्ये नाही, आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आज्ञा पाठ कराव्यात अशी अपेक्षा धरणे रास्त नाही. धोका येतो तो मोठ्या प्रोग्रामने न सांगता घेतलेल्या निर्णयांचा. 2020 च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेला साधा मजकूर एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता आणि त्या प्रकारात 65,536 पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी मागेच राहिल्या आणि ते वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही.

छोटे तुकडे म्हणजे सुरक्षितता, असा निष्कर्ष मात्र काढू नये. 22 मार्च 2016 रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या 11 ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने प्रोग्रामांचे तयार तुकडे ठेवण्याच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, आणि त्यावर थेट किंवा आडवाटेने अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. दोन्ही प्रसंगांत आतला प्रत्येक भाग आपापले काम नीट करत होता. दोष सांध्यात होता: एकीकडे किती ओळी पलीकडे जातील हे कोणी तपासले नाही, दुसरीकडे जोडलेला तुकडा उद्याही तिथेच असेल हे सर्वांनी गृहीत धरले. म्हणून साधन निवडताना त्याच्या आकारापेक्षा त्याचे सांधे उघडून पाहता येतात की नाही, हे मी आधी विचारतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न फार जवळचा आहे. थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये रचलेल्या यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, पण त्या तिन्हींत स्वल्पविरामाचा बाइट कधीच येत नाही. त्यामुळे देवनागरीचा विचारही न करता लिहिलेला ‘कट’ स्वल्पविरामावर मराठी ओळ अचूक तोडतो. अडचण वेगळीकडे आहे. शेऱ्याच्या रकान्यात ‘व्यापाऱ्याने माल परत केला’ असे लिहिलेल्या ओळी ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या प्रोग्रामने शोधल्या तर काही सापडतात आणि काही निसटतात, कारण ‘ऱ्या’मधला र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ हे चिन्ह आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. पडद्यावर न दिसणारे हे चिन्ह मोठ्या प्रोग्रामच्या शोधचौकटीत टंकणे जिकिरीचे असते, आणि नवी फाइल आली की तो खटाटोप पुन्हा करावा लागतो. पाइपलाइनमध्ये ‘ग्रेप’च्या आधी मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’चा एक टप्पा घालून दुसऱ्या प्रकारचा र पहिल्या प्रकारात बदलता येतो. पुढच्या प्रोग्रामांना हात लावावा लागत नाही, आणि ती ओळ एका छोट्या फाइलमध्ये जपून ठेवली की चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कोणत्याही गटाला आपल्या पावत्यांसाठी ती जशीच्या तशी वापरता येते.