पित्तनलिकांचे आजार आणि यकृत प्रत्यारोपणाची वेळ

प्रायमरी बिलियरी कोलॅन्जायटिस, म्हणजेच पीबीसी, या आजारात प्रतिकारशक्ती यकृतातील बारीक पित्तनलिकांच्या अस्तरावर हल्ला करते. नलिका नष्ट होत जातात, पित्त यकृतातच साचते आणि काही वर्षांनी सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कायमचे कडक होणे, होऊ शकतो. रुग्णांत मध्यमवयीन स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड हे औषध वेळेवर सुरू झाले, तर त्यांच्यापैकी अनेकींना प्रत्यारोपणाची गरजच पडत नाही. पुरुषांत अधिक आढळणाऱ्या प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिसमध्ये (पीएससी) मात्र मोठ्या नलिकाही जागोजागी आकसतात, आणि तो आजार खात्रीने रोखणारे औषध अजून उपलब्ध नाही.

प्रत्यारोपण केव्हा करायचे, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. प्रतीक्षायादीत प्राधान्य ठरवण्यासाठी वापरला जाणारा ६ ते ४० चा मेल्ड गुणांक मुख्यतः बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची चाचणी यांसारख्या रक्तचाचण्यांवर आधारलेला आहे. तळहात-तळपायांना सुटणारी, रात्री वाढून झोप उडवणारी खाज त्यात मोजलीच जात नाही. पीएससीमध्ये थंडी-ताप आणणारा नलिकांचा वारंवार होणारा जंतुसंसर्गही त्यात दिसत नाही. त्यामुळे गुणांक कमी असला तरी रुग्णाचे हाल कमी आहेत असे मानणे मला अन्यायाचे वाटते, आणि औषधांना न जुमानणारी खाज हे पीबीसीमध्ये प्रत्यारोपणाचे मान्य कारण आहेही. भारतात बहुतांश यकृते जिवंत दात्यांकडून, बहुधा घरच्याच व्यक्तीकडून, मिळतात. तेथे यादीची वाट पाहावी लागत नाही, पण निरोगी माणसाला शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा लागतो, म्हणून निर्णय हलका होत नाही.

पीएससीमध्ये रुग्णाची स्वतःची पित्तनलिका रोगट असल्याने शल्यचिकित्सक बहुतेकदा ती वापरत नाहीत. लहान आतड्याचा एक वेटोळा वर आणून तो दात्याच्या नलिकेला थेट जोडतात.

खाज शस्त्रक्रियेनंतर लवकर थांबते. थकवा मात्र पीबीसीच्या अनेक रुग्णांत पुढेही राहतो, आणि हे आधीच स्पष्ट सांगितले नाही तर नंतरची निराशा मोठी असते. टॅक्रोलिमससारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सहसा कायमची घ्यावी लागतात, तरीही काही रुग्णांच्या नव्या यकृतात मूळ आजार परततो. पीएससीच्या बहुसंख्य रुग्णांना मोठ्या आतड्याचाही दाह असतो. यकृत बदलल्याने त्यांचा आतड्याच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, म्हणून दरवर्षीची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) त्यांना प्रत्यारोपणानंतरही चुकवता येत नाही.